अल्बममधून वगळलेला फोटो

पत्र

मी अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावात फोटो स्टुडिओ चालवतो. वडिलांनी सुरू केलेला आहे. पासपोर्ट, लग्न, बारसं, डोहाळजेवण, निवडणूक आली की फ्लेक्स, सगळं करतो. कॅन्डिड आणि सिनेमॅटिकही आम्हीच करतो. ऑर्डरी चांगल्या असतात, तक्रार नाही. पण तीच तीच पोझ आणि तोच तोच अल्बम, मी कुठंतरी अडकलोय असं वाटायला लागलंय. मुंबई-पुण्याचे फोटोग्राफर प्रदर्शनं बघतात, वर्कशॉप करतात. आमच्याकडं काय आहे? जगात नवीन काय चाललंय ते मला रीलवरून कळतं, आणि तिथं सगळं कॅमेऱ्याचंच असतं. पुण्यात एका नामांकित वेडिंग फोटोग्राफरचं तीन दिवसांचं वर्कशॉप आहे, फी 25,000 रुपये. करू का? का त्यात भर घालून मिररलेस कॅमेरा घेऊ? सध्या कॅनन 6डी मार्क टू वापरतो. धाकटा भाऊ म्हणतो, एआय आलंय, आता शिकून काय करतोस. स्पर्धेला फोटो पाठवावेत असं लई वाटतं, पण कुठं आणि कसे, काही कळत नाही. सोबत आठ फोटो जोडलेत. प्रदर्शनात लागण्यासारखे आहेत का, ते खरं खरं सांगा.

उत्तर

तुमच्या फोटोंपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं त्यांतूनच निघतात.

आठांपैकी सात फोटो स्वच्छ आहेत. हिरव्या शेतात रंगीत धूर सोडून काढलेलं प्री-वेडिंग, अंगठ्यांचा क्लोजअप, वरून ड्रोनने टिपलेला मंडप, हळदीत हसणारी नवरी. फोकस जागेवर आहे, त्वचेचे रंग बिघडलेले नाहीत, धंद्यात मुरलेल्या माणसाचं हे काम आहे हे लगेच कळतं. पण हे सात फोटो लातूरचा, जालन्याचा किंवा नगरचा कुणीही चांगला फोटोग्राफर काढू शकला असता. खरं खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो, प्रदर्शनात ते लागणार नाहीत.

आठवा फोटो वेगळा आहे. त्याखाली तुम्ही लिहिलंय, 'हा अल्बममध्ये घेतला नाही, पार्टीनं काढून टाकायला लावला.' फ्रेमचा दोन तृतीयांश भाग नुसता अंतरपाटाने व्यापलाय. पांढऱ्या कापडावर कुंकवाचं स्वस्तिक आहे, आणि कापड घडी करून ठेवलेलं असल्यामुळे मधोमध एक उभी चूण पडलीय. अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी डावीकडच्या माणसाच्या मनगटावर सैल झालेलं स्टीलचं घड्याळ आहे आणि त्याचं लक्ष कापडाकडे नाहीच, तो फ्रेमबाहेर कुणाला तरी डोळ्यांनी काही सांगतोय. खाली, कापडाच्या काठाशी, पाचसहा वर्षांचं एक लेकरू वाकून पलीकडे डोकावतंय. मूठ गच्च आवळलीय आणि बोटांच्या फटींतून अक्षतांची रंगीत ज्वारी गळतेय. नवरीच्या मुंडावळ्यांचे चार मोती उजव्या कडेला दिसतात. नवरदेवाची फक्त पायाची बोटं दिसतात. लेकराचा हात किंचित हललाय, तेवढा ब्लर आहे.

पार्टीने, म्हणजे तुमच्या ग्राहकाने, तो का काढून टाकायला लावला हे समजण्यासारखं आहे. पैसे त्यांनी दिले, आणि त्यात नवरा-नवरीच दिसत नाहीत. त्यांचा निर्णय त्यांच्या जागी बरोबर आहे. मात्र तुम्ही स्वतः हा फोटो आठात सगळ्यात शेवटी, चुकून राहिल्यासारखा पाठवलात. तुम्ही अडकलात ते इथं.

आपल्या धंद्यात एका लग्नाला दोन-तीन हजार फ्रेम सहज निघतात. पार्टी पेनड्राइव्ह घरी नेते, नवरीची बहीण आणि नवरदेवाचे मित्र बसून तीनशे-चारशे फोटोंवर खुणा करतात, त्यांचा अल्बम होतो. वर्षानुवर्षं असं चाललं की फोटोग्राफरला फक्त काढायची सवय राहते, निवडायची सवय मोडते. प्रदर्शन, स्पर्धा, मासिकातला फोटो-लेख ही सगळी कामं निवडीची आहेत. तुमचा हात तयार आहे. आता निवडायला शिकायचंय, आणि तेवढ्यासाठी पुण्याला 25,000 रुपये भरायची गरज नाही.

वर्कशॉपबद्दल माझं मत स्पष्ट आहे: या वर्षी करू नका. अशा बहुतेक वर्कशॉपमध्ये एक मॉडेल नवरी, एक मॉडेल नवरदेव, दोन-तीन लाइट आणि तीस जणांचा घोळका असतो. तुम्ही तिथून पोझ आणि लाइटिंग घेऊन याल, आणि तीच पोझ पुढच्या हंगामात तालुक्यातल्या आणखी चौघांकडे दिसेल. पुढे कधी जावंसं वाटलंच तर पैसे भरण्याआधी आयोजकांना एकच प्रश्न विचारा. येणाऱ्याने आणलेले स्वतःचे फोटो शिक्षक प्रत्येकाशी बसून बघणार आहेत का? हो म्हणाले तर विचार करा.

त्या पैशातला थोडा भाग प्रवासावर घाला. 'आमच्याकडं काय आहे' असं विचारताना तुम्ही पश्चिमेकडे बघताय. तुमच्यासाठी दार पूर्वेला आहे. परळीहून उदगीर, बीदर, विकाराबाद करत हैदराबादला रेल्वे जाते. तिथं 2015 पासून इंडियन फोटोग्राफी फेस्टिव्हल भरतो. मुख्य प्रदर्शनं माधापूरच्या स्टेट गॅलरी ऑफ आर्टमध्ये असतात, देशाबाहेरच्या फोटोग्राफरांची कामंही येतात, आणि पोर्टफोलिओ रिव्ह्यू असतो, म्हणजे जाणकार माणूस समोर बसून तुमचे फोटो बघतो. साधारण हिवाळ्यात, तुळशीच्या लग्नानंतरच्या दिवसांत तो येतो, म्हणजे ऐन तुमच्या धावपळीत. पण दोन तिथींच्या मधले दोन दिवस काढता येतील. तारखा आधी बघून घ्या आणि त्या दिवसांची ऑर्डर घेऊच नका. फेस्टिव्हलसाठी फोटो मागवतात तेव्हाची मुदतही वहीत लिहून ठेवा.

हैदराबादचं नाव घ्यायला आणखी एक कारण आहे. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आपल्याकडच्या फोटोग्राफीची मुळंही तिकडेच सापडतात. लाला दीनदयाळ हे सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर होते. त्यांचा सिकंदराबादला स्टुडिओ होता, पुढे मुंबईतही काढला. पडद्यातल्या बायकांचे फोटो काढता यावेत म्हणून 1892 मध्ये त्यांनी हैदराबादला वेगळा जनाना स्टुडिओ उघडला आणि त्याचं काम एका बाईकडे सोपवलं. शिकारी, मेजवान्या, राजवाडे, लष्कराच्या कवायती, सगळं मागणीनुसार. तुमच्यासारखाच ऑर्डरचा माणूस. त्यांच्या काचेच्या निगेटिव्हांचा मोठा साठा आज दिल्लीला इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपलेला आहे. ऑर्डर करणारा वेगळा आणि कलावंत वेगळा, ही वाटणी तुम्ही मनात करून ठेवलीय ती काढून टाका.

त्यांच्या स्टुडिओने 1899-1900 च्या दुष्काळात औरंगाबादेत काढलेले फोटोही आहेत. हाडं वर आलेली माणसं, बायका, लेकरं ओळीने बसवलीत. फोटोच्या शीर्षकात त्यांचा उल्लेख हाडकलेल्या देहांचे 'प्रकार' असा होतो. एकाचंही नाव नाही. हा फोटो मुद्दाम शोधून बघा, आणि नावाचा मुद्दा डोक्यात ठेवा. त्याच्याकडे परत येतो.

मुंबईला लॅबच्या किंवा कॅमेरा दुरुस्तीच्या कामाने जाणं होतच असेल. तेव्हा काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत जा. वरची टेरेस गॅलरी फोटोग्राफीसाठी आहे, तिकीट नाही, प्रदर्शनं साधारण आठवड्याने बदलतात. नरिमन पॉइंटला एनसीपीएमध्ये, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, पिरामल यांच्या नावाची गॅलरी आहे, तीही फोटोंची. जहांगीरमध्ये बऱ्याचदा फोटोग्राफर स्वतः तिथं खुर्ची टाकून बसलेला असतो. त्याला लेन्स कुठली, आयएसओ किती हे विचारू नका. हे किती फोटोंतून निवडले, कुठला फोटो शेवटच्या क्षणी काढून टाकला आणि का, हे विचारा. लोक मनापासून सांगतात, कारण हा प्रश्न त्यांना क्वचित कुणी विचारतं.

प्रदर्शन बघताना आख्खा हॉल फिरायची घाई करू नका. एक भिंत धरा. या फोटोशेजारी तोच का लावला? एखादा छोटा का छापला? कुठला फोटो एकटा बघितला तर साधा वाटतो, पण रांगेत लागतोच? मग भिंतीकडे पाठ करून आठवा, कुठले तीन लक्षात राहिले. फोनवर बघून हे जमत नाही, कारण फोनवर सगळे फोटो एकाच मापाचे असतात आणि अंगठा थांबत नाही.

आता घरी बसून शिकायचं. रील पाहण्यातला अर्धा तास तरी इकडे वळवा.

अमेरिकेत 1930 च्या दशकात दुष्काळ आणि मंदीने शेतकरी देशोधडीला लागले, तेव्हा तिथल्या सरकारने फोटोग्राफर पगारावर ठेवून गावोगाव पाठवले. फार्म सिक्युरिटी अॅडमिनिस्ट्रेशन हे त्या खात्याचं नाव. तो सगळा साठा, जवळपास 1,75,000 काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह, आता लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे आहे. इंटरनेटवर फुकट बघता येतो, मोठ्या फाइलमध्ये उतरवून घेता येतो. धुळीने गाडलेली शेतं, ट्रकवर संसार लादलेली कुटुंबं, कापूस वेचणाऱ्या बायका. तुम्ही दुष्काळाच्या मुलखातले आहात. 1972 च्या गोष्टी घरात ऐकल्या असतील, 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलेलं तुम्ही पाहिलंय. त्या फोटोंत काय चाललंय ते कळायला तुम्हाला इंग्रजी लागणार नाही.

हा साठा मी सगळ्यात वर ठेवतो, कारण तिथं नाकारलेले फोटोही दिसतात. त्या खात्याचे प्रमुख रॉय स्ट्रायकर होते. सुरुवातीच्या काही वर्षांत नापसंत निगेटिव्हला ते सरळ पंच मारून भोक पाडायचे. शेतकऱ्याच्या चेहऱ्यावर, आभाळात, कुठंही काळा गोल असलेले ते फोटो आज उघडून बघता येतात. फोटोग्राफर चिडायचे, आणि त्यांचं चिडणं योग्यच होतं. त्यातले काही फोटो निवडलेल्यांपेक्षा सरस आहेत. एक संध्याकाळ काढून एकाच फोटोग्राफरच्या एकाच ठिकाणच्या लागोपाठच्या फ्रेम बघा. भोकं पडलेले आणि वाचलेले शेजारी शेजारी ठेवा. स्ट्रायकरांशी मनातल्या मनात भांडा. कुठल्याही वर्कशॉपमध्ये एवढं शिकायला मिळणार नाही.

याच सरकारी कामावरच्या फोटोग्राफर डोरोथिया लँग यांचा एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल: कपाळावर आठ्या, गालाला टेकलेला हात, दोन्ही खांद्यांवर पाठमोरी लेकरं. मार्च 1936, कॅलिफोर्नियातलं निपोमो, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांचा तळ. साठ्यात त्याच बाईच्या इतर फ्रेमही आहेत. कुठं तंबू आख्खा दिसतो, कुठं ती तान्ह्या लेकराला पाजतेय, आणि मग लँग जवळ जवळ येत गेल्यात. जगाने लक्षात ठेवली ती सगळ्यात जवळची फ्रेम. तुम्ही तुमची हळदीची मालिका अशीच उघडून बघा. तुम्ही जवळ कधी गेलात, आणि जिथं थांबायला हवं होतं त्याच्या आधीच थांबलात का?

नावाचा मुद्दा इथं परत येतो. लँग यांनी त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव जगाला कळायला 1978 उजाडलं, आणि या फोटोचा आपल्याला पैचाही फायदा झाला नाही अशी तिची तक्रार होती. आपल्या भागात आत्महत्या झालेल्या घरांत, चारा छावणीत, उसाच्या फडात कॅमेरे घेऊन येणारे पुष्कळ झाले. तुम्ही इथलेच. तुम्ही काढलेल्या प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव, गाव, तारीख आणि तो काय करतोय हे असलंच पाहिजे, आणि फोटो कुठं लागणार हे त्या माणसाला आधी कळलं पाहिजे. लेकराचा फोटो असेल तर आई-बापाला. नाव छापू नका असं कुणी म्हणालं तर नका छापू, पण ते विचारल्यानंतर.

अशा कॅप्शन कशा असतात ते मराठीतच वाचायचं असेल तर पारी बघा. पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, पी. साईनाथ यांनी डिसेंबर 2014 मध्ये सुरू केलेला ग्रामीण भारताचा फोटो आणि वार्तांकनाचा संग्रह. बीडच्या ऊसतोड कामगारांवर तिथं बरंच काम आहे, आणि मराठी अनुवाद चांगले असतात. फोटो किती आहेत, पहिला कुठला आणि शेवटचा कुठला ठेवलाय, मजकूर जे सांगतो तेच फोटो परत सांगतोय का आणखी काही, हे बघत वाचा.

एवढं बघितल्यावर हाताने करायचं काम. आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत तुमच्याकडे तिथ्या नसतात, तो काळ यासाठी ठेवा. मागच्या तीन-चार हंगामांच्या हार्डडिस्क काढा. अल्बममध्ये न गेलेले फोटोच बघायचे, फक्त तेच. आवडलेले शंभरेक फोटो लॅबमध्ये 4 बाय 6 मध्ये मारून घ्या; तुमच्या ओळखीत ते स्वस्तात होतील. स्टुडिओत सतरंजीवर पसरा. बारा ठेवायचे, बाकी उचलायचे. एकदा निवडल्यावर आठवडाभर तसेच राहू द्या, येता-जाता बघा, मग परत हलवा. बायकोला विचारा, बँडवाल्याला विचारा, पण 'कुठला आवडला' असं नाही, 'यातला कुठला काढून टाकू' असं विचारा. उत्तरं फार वेगळी येतात.

विषय काय घ्यावा हेही सांगतो, कारण तुम्ही बहुतेक उसाच्या फडाकडे धावाल. ऊसतोड हा मोठा विषय आहे, जरूर करा, पण पहिला तो नको. तिथं तुम्ही पाहुणे असाल. लग्नात तुम्ही घरचे आहात. लग्न उभं करणारी माणसं तुमच्याइतकी जवळून कुणी बघत नाही: पहाटे चुलवणापाशी बसलेला आचारी, बुंदीच्या झाऱ्यातून उडणारं तेल, मंडपाच्या बांबूवर चढलेला पोरगा, वरात संपल्यावर ओट्यावर बूट काढून बसलेले बँडवाले, घोडीला चारा टाकणारा, जनरेटरशेजारी झोपलेला, पंगतीत वाढून वाढून शेवटी उभ्याने जेवणाऱ्या बायका. यातले निम्मे लोक उन्हाळ्यात लग्नाचं काम करतात आणि दसऱ्यानंतर फडावर जातात. म्हणजे ऊस आपोआप तुमच्या विषयात येईल, ओळखीच्या माणसांच्या अंगाने येईल. तुमचा अंतरपाटाचा फोटो या मालिकेतला पहिला आहे. पार्टीने नाकारलेल्या फोटोंत याच विषयाचे आणखी नक्की सापडतील.

कॅमेऱ्याचं उत्तर यात जवळपास आलंच. 6डी मार्क टू मध्ये 26 मेगापिक्सेल आहेत. 12 बाय 18 इंचांचा प्रिंट 300 पीपीआयला, म्हणजे एका इंचात 300 पिक्सेल धरून, मारायला सुमारे साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. म्हणजे प्रदर्शनाच्या प्रिंटसाठी तुमचा कॅमेरा पुरून उरतो. कॅनन आणि निकॉनचे शेवटचे डीएसएलआर, म्हणजे तुमच्यासारखे आत आरसा असलेले कॅमेरे, 2020 च्या सुमारास आले, पुढे सगळं मिररलेसच आहे, ही बातमी खरी आहे. पण तुमच्या लेन्स अॅडॉप्टर लावून कॅननच्या आर या मिररलेस मालिकेवर व्यवस्थित चालतात, त्यामुळे घाई नाही. एकच कारण मी मानेन. 6डी मार्क टू 4के व्हिडिओ काढत नाही. पार्टी 4के मागते आणि त्यावाचून ऑर्डरी जात असतील तर मिररलेस घ्या. तो धंद्याचा खर्च आहे, धंद्याच्या हिशेबात टाका. शिकण्याच्या नावावर तो खर्च करू नका.

भावाचं म्हणणं उडवून लावू नका, त्यात अर्धं खरं आहे. डोळे मिटलेले, हललेले, दुबार झालेले फोटो बाजूला काढणारी सॉफ्टवेअरं आता लग्नाच्या कामात सर्रास वापरतात. तुम्हीही वापरा, रात्रींचं जागरण वाचेल. पण अशा सॉफ्टवेअरने तुमचा आठवा फोटो पहिल्याच फेरीत टाकून दिला असता: हात हललाय, चेहरे अर्धे, मुख्य माणसं नाहीत. राहिला प्रश्न स्पर्धांचा. 2023 मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन कलावंताने सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये मिळालेला पुरस्कार नाकारला आणि ते चित्र एआयने बनवल्याचं सांगितलं. त्याच वर्षी लायका या जर्मन कंपनीने एम11-पी हा कॅमेरा आणला, जो फोटो काढतानाच फाइलमध्ये तिच्या उगमाची नोंद घालतो. वर्ल्ड प्रेस फोटो या जागतिक स्पर्धेत एआयने बनवलेलं काही चालत नाही, आणि निवड जवळ आली की ते मूळ फाइल मागवतात. म्हणून तुम्ही आजपासून रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न झालेल्या फाइलमध्ये, काढा. ऑर्डर पोचली की कार्ड फॉरमॅट आणि हार्डडिस्क रिकामी, ही सवय सोडा. स्वतःच्या पसंतीच्या फोटोंच्या रॉ फाइल दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक स्टुडिओबाहेर, घरी ठेवा.

कुठं पाठवायचे? वर्ल्ड प्रेस फोटोला प्रवेश फी नाही, पण ती बातमी आणि माहितीपर फोटोग्राफीची स्पर्धा आहे. बारा फोटोंची मालिका तयार झाल्याशिवाय तिकडे बघू नका. हैदराबादच्या फेस्टिव्हलचं वर सांगितलं. चेन्नईला 2016 पासून फोटो बिएनाले, म्हणजे साधारण दर दोन वर्षांनी होणारा फोटोंचा महोत्सव, भरतं. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया 1937 पासूनची, आणि 1953 साली स्थापन झालेल्या फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीशी जोडलेले क्लब देशभर सलॉन, म्हणजे परीक्षकांनी निवडलेल्या फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनं, भरवतात. त्यांना फी असते, आणि तिथं एकेकटा देखणा फोटो जास्त चालतो. एखाददुसऱ्या सलॉनला फोटो पाठवा, शिस्त लागते, फाइल मापात तयार करायची सवय होते. त्यांच्या पदव्यांच्या मागे मात्र लागू नका. तुमचं काम मालिकेचं आहे.

सोशल मीडियावर 'इंटरनॅशनल अवॉर्ड' देणारे पुष्कळ आहेत. फोटोमागे पैसे घ्यायचे, जवळजवळ प्रत्येकाला सर्टिफिकेट द्यायचं, ट्रॉफीचे वेगळे पैसे. परीक्षक कोण आहेत आणि मागच्या वर्षीचे निवडलेले फोटो कुठं बघायला मिळतात, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर आलं नाही तर सोडून द्या. नियमांत 'कायमस्वरूपी', 'कुठल्याही वापरासाठी', 'मोबदल्याशिवाय' अशा अर्थाचे शब्द असतील तर तेही सोडून द्या. ती स्पर्धा तुमचे फोटो फुकटात गोळा करण्यासाठी असते.

आणि बारा फोटो तयार झाले की कुणाच्या बोलावण्याची वाट बघू नका. योगेश्वरीच्या नवरात्रात किंवा गावच्या यात्रेत, शाळेचा व्हरांडा नाहीतर वाचनालयाची खोली मागून घ्या. 12 बाय 18 चे प्रिंट लॅबमध्ये फोटो पेपरवर मारा, सनबोर्डवर चिकटवून घ्या. फ्लेक्सवर मारू नका; त्वचेचा रंग आणि सावलीतला बारकावा दोन्ही जातात. फोटोचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर येईल असे टांगा, लेकरांसाठी एक रांग खाली चालेल. कॅप्शन मराठीत, मोठ्या अक्षरात, आचाऱ्याच्या आणि बँडवाल्याच्या नावासकट. त्या सगळ्यांना उद्घाटनाला बोलवा आणि नंतर त्यांचा प्रिंट त्यांना द्या.

एका गोष्टीची काळजी आधीच घ्या. कॉपीराइट कायदा, 1957, कलम 17 प्रमाणे, पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो फोटो काढायला लावणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे आज तुमच्या हार्डडिस्कवरचे लग्नाचे फोटो कायद्याने पार्टीचे आहेत, अंतरपाटाचासुद्धा. तो प्रदर्शनात किंवा स्पर्धेला जाण्याआधी त्या कुटुंबाकडे प्रिंट घेऊन जा आणि लेखी परवानगी घ्या. त्या लेकराच्या आई-बापाचीही. पुढच्या हंगामापासून अॅडव्हान्सच्या पावतीवरच मराठीत ही ओळ छापून घ्या आणि खाली दोघांच्या सह्या घ्या: 'या कार्यक्रमात काढलेल्या छायाचित्रांचे कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहतील, ग्राहकाला ती घरगुती वापरासाठी कायम वापरता येतील, प्रदर्शन किंवा स्पर्धेत वापरण्याआधी छायाचित्रकार ग्राहकाला कळवेल.' सही घेण्याआधी ओळ वाचून दाखवा. कुणी नको म्हणालं तर खोडा आणि ऑर्डर घ्या.

बारा फोटो निवडून झाले की मला पाठवा. वगळलेल्यांपैकी पाचसहाही सोबत जोडा.